पाखरांकडे पाहायला शिकताना: ख्रिस्ती कुटुंबांसाठी पक्षीनिरीक्षणाची सुरुवात

"आकाशातल्या पाखरांकडे पाहा" हे डोंगरावरच्या प्रवचनातलं वाक्य आपल्याला तोंडपाठ असतं (मत्तय ६:२६). त्यावर उपदेशही पुष्कळ ऐकलेले असतात, पण बहुतेक सगळे चिंतेवर. पाखरं पहिल्या मिनिटातच उडून जातात आणि उरलेला वेळ पगार, कर्ज आणि मुलांच्या ॲडमिशनमध्ये जातो. इथे जरा उलटं करू. त्या वाक्याचा पहिला भाग अक्षरशः पाळू. बाहेर जायचं, मान वर करायची आणि पाखरू पाहायचं. बोध नंतर निघाला तर निघाला.

प्रभूच्या ऐकणाऱ्यांना हे सहज जमण्यासारखं होतं. गालीलचा प्रदेश युरोप-आशियातून आफ्रिकेकडे जाणाऱ्या पक्ष्यांच्या मोठ्या वाटेवर येतो. वसंतात आणि शरदात करकोच्यांचे, बलाकांचे, शिकारी पक्ष्यांचे थवेच्या थवे तिथून जातात. म्हणजे तो "पाहा" म्हणाला तेव्हा वर खरोखर काहीतरी असण्याची शक्यता बरीच होती. आपल्याकडेही असते, फक्त आपण खाली मोबाईलकडे बघत असतो.

पहिली पायरी: दुर्बिणीआधी जागा ठरवा

नवखा माणूस आधी दुर्बीण घेतो, मग भिगवणला जातो, दोन फोटो टाकतो आणि थांबतो. त्यापेक्षा घरापासून चालत जाता येईल अशी एकच जागा निवडा आणि तिथेच पुन्हा पुन्हा जा. जुनं मिशन कंपाउंड, चर्चचं आवार किंवा ख्रिस्ती कबरस्तान जवळ असेल तर तुम्ही नशीबवान. तिथले वड, पिंपळ, चिंच, कडुनिंब पिढ्यान्‌पिढ्या उभे असतात आणि शहरात इतरत्र अशी झाडं आता कमीच. वडाला फळं लागली की साळुंक्या, कोकीळ, तांबट एकाच झाडावर जमतात. पिवळ्या पायांची हिरवी कबुतरं दिसली तर ती हरियाल, महाराष्ट्राचा राज्यपक्षी. पानांत इतकी बेमालूम मिसळतात की आधी खाली पडणारी फळं दिसतात, मग पक्षी.

वेळ सूर्योदयापासून पुढचा दीड तास. रविवारी उपासनेआधी अर्धा तास लवकर पोचलात तरी पुरे. भडक कपडे नकोत, अत्तर चालेल (बहुतेक पक्षी डोळ्यांवर आणि कानांवर जास्त विसंबतात), बोलणं हळू. एका जागी दहा मिनिटं न हलता बसा. पहिली पाच मिनिटं काहीच दिसणार नाही. तुम्ही आलात म्हणून सगळे गप्प झालेले असतात.

सुरुवात कावळ्यापासून करा. हसू नका, कारण आहे. आपल्याकडे कावळे दोन. मान राखाडी तो गावकावळा. सगळा काळा, चोच जाड, आवाज घोगरा तो डोमकावळा. हा फरक दोन दिवसांत डोळ्यांत बसला की "पक्षी ओळखणं आपल्याला जमणार नाही" ही भीती जाते. दुसरं कारण पवित्र शास्त्रातलं. मोशेच्या नियमशास्त्रात कावळा अशुद्ध पक्ष्यांच्या यादीत आहे (लेवीय ११). तरी एलीयाला करीथ ओहोळाजवळ भाकर आणि मांस आणून देण्याचं काम देवाने कावळ्यांनाच दिलं (१ राजे १७), आणि लूकच्या शुभवर्तमानात प्रभू "कावळ्यांचा विचार करा" असं नाव घेऊन सांगतो (लूक १२:२४). मोर किंवा हंस त्याला सुचले नाहीत.

कावळ्यानंतर साळुंकी, लालबुड्या बुलबुल, दयाळ, कोतवाल, घार, शिंपी, वेडा राघू, भारद्वाज, सूर्यपक्षी. हे सगळे गावात-शहरात सहज भेटतात. एवढे नीट ओळखता आले की पुढचं आपोआप वाढत जातं.

दुसरी पायरी: नाव विचारण्याआधी वर्णन लिहा

साधी चाळीस पानी वही घ्या. नवा पक्षी दिसला की पुस्तकात डोकं घालू नका. पुस्तकातला पक्षी कुठे जात नाही, झाडावरचा जातो. आधी आकार लिहा: चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा. मग चोच: दाणे फोडणारी जाड, किडे टिपणारी बारीक, फुलात घालायची वाकडी, मासे पकडायची लांब. मग शेपटी, ती हलवतो कशी, आणि तो काय करतोय: जमिनीवर चालतोय, उड्या मारतोय की तारेवर बसून परत परत झेपावतोय. रंग शेवटी. नवखा रंगाने सुरुवात करतो आणि फसतो, कारण सकाळच्या तिरप्या उन्हात निळं काळं दिसतं. शिवाय नर-मादी वेगळे असतात. जांभळ्या सूर्यपक्ष्याचा नर विणीच्या दिवसांत चकाकता निळा-जांभळा, मादी वर तपकिरी-करडी आणि खाली फिकट पिवळी. नवख्याला हे एकच कुटुंब वाटतच नाही.

तारीख, वेळ, जागा, हवा हेही लिहा. वर्षभराने हीच पानं सगळ्यात कामाची ठरतात.

तिसरी पायरी: साहित्य

पहिल्या महिन्यात काहीच लागत नाही. नंतर दुर्बीण घ्यायची तर ८×४२ किंवा हलकी हवी असेल तर ८×३२. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. जत्रेत मिळणाऱ्या "५० पट" लिहिलेल्या दुर्बिणींच्या नादी लागू नका. हात जरा हलला की पक्षी चौकटीबाहेर. दुकानात एकदा डोळ्याला लावून बघा, चष्मा असेल तर चष्म्यासकट.

मोबाईलवर कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं मर्लिन हे ॲप फुकट आहे. ते आवाजावरून पक्षी सुचवतं. सुचवतं, शिक्कामोर्तब करत नाही. त्याने नाव दाखवलं तरी पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत वहीत नोंद करू नये असं माझं मत. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकलीत तर ती अभ्यासकांनाही उपयोगी पडते.

आणि एक नियम पाळाच: पक्षी जवळ यावा म्हणून मोबाईलवरून त्याचाच आवाज वाजवायचा नाही. त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसला, आणि पिलांना भरवायचं सोडून तो भांडायला येतो.

चौथी पायरी: शास्त्र कधी उघडायचं

पक्षी पाहून झाल्यावर. आधी नाही.

कारण आपल्याला फार घाई असते. पाखरू दिसलं न दिसलं की त्यातून धडा काढायचा, वचन लावायचं आणि स्टेटसला टाकायचं. "गरुडाप्रमाणे पंखांनी वर उडतील" या यशया ४०:३१ च्या वचनाची पोस्टर्स आठवा. दहातल्या निम्म्यांवर तरी पांढऱ्या डोक्याचा अमेरिकन गरुड असतो. तो पक्षी उत्तर अमेरिकेबाहेर राहत नाही. यशयाने तो कधी पाहिला असणं शक्य नाही आणि तुम्ही-आम्हीही गावात पाहणार नाही. ज्याने चित्र लावलं त्याने पक्षी पाहिलेला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या गावावर घिरट्या घालणारी घार मात्र खरी आहे. ती दहा मिनिटं पाहा: पंख न हलवता, फक्त शेपटी तिरपी करत ती गरम हवेच्या झोतावर वर वर कशी चढते ते बघा, आणि मग तो अध्याय वाचा. "थकणार नाहीत" हे शब्द तेव्हा वेगळे ऐकू येतात.

एका फेरीला एकच उतारा पुरे. स्तोत्र १०४ पासून सुरू करा. त्यात ओढ्याकाठी राहणारी पाखरं फांद्यांत गातात, करकोचा सुरूच्या झाडावर घर करतो, आणि कामाला निघालेला माणूस दिसतो तो बराच नंतर, इतर प्राण्यांसोबत. मग ईयोब ३८ ते ४१. तिथे देव ईयोबाच्या एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर देत नाही, त्याला रानातली जनावरं आणि पक्षी दाखवत नेतो: कावळ्याची भुकेली पिलं, अंडी मातीत टाकून जाणारी शहामृगी, दक्षिणेकडे पंख पसरणारा ससाणा. अनुवाद २२:६-७ अगदी छोटा उतारा आहे: वाटेत घरटं सापडलं आणि आई पिलांवर बसलेली असली तर आईला धरायचं नाही. मुलांना हा जरूर वाचून दाखवा.

प्रार्थना करायची तर पक्ष्याचं नाव घेऊन करा. "सृष्टीबद्दल आभार" म्हणण्यापेक्षा "आज चिंचेवर तांबट दाखवलास, आभार" हे मुलांनाही कळतं.

पाचवी पायरी: उपासनेच्या वर्षाबरोबर पक्ष्यांचं वर्ष

आपलं धार्मिक वर्ष आणि महाराष्ट्रातलं पक्ष्यांचं वर्ष शेजारी शेजारी ठेवून पाहिलं तर लक्षात ठेवायला सोपं जातं. यात काही गूढ नाही, निव्वळ सोय आहे.

१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा जगभरच्या अनेक मंडळ्यांत 'सृष्टीचा काळ' म्हणून पाळतात. १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस १९८९ साली ऑर्थोडॉक्स मंडळीचे प्रमुख धर्मगुरू (पॅट्रिआर्क) दिमित्रिओस यांनी सुरू केला. ४ ऑक्टोबर हा असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण. आपल्याकडे नेमके याच सुमारास हिवाळी पाहुणे उतरायला लागतात. पहिला बहुधा करडा धोबी, पाण्याकाठी शेपटी खालीवर करणारा. भोरड्यांचे गुलाबी-काळे थवे ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच यायला लागतात. नवख्याने वही सुरू करायला यापेक्षा चांगला महिना नाही.

आगमनकाळ आणि नाताळ म्हणजे पाहुण्यांचा भर. चर्चच्या कुंपणावर बसून शेपटी थरथरवणारा काळसर-तांबूस लहान पक्षी दिसला तर तो थिरथिरा. हिमालयात आणि त्याच्या पलीकडे वाढलेला आणि तुमच्या भिंतीवर नाताळ काढायला आलेला. जलाशयांवर चक्रवाक, तलवार बदकं, आणि हिमालय ओलांडून येणारा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंस. ज्ञानी लोकांच्या प्रवासावर नाटक बसवताना मुलांना या प्रवाशांबद्दलही सांगता येईल.

उपवासकाळात पानगळ होते आणि पळस, पांगारा, काटेसावर फुलतात. फुललेली एकच काटेसावर शोधा आणि तिच्याखाली सकाळ घालवा. साळुंक्या, भोरड्या, कोतवाल, बुलबुल, सूर्यपक्षी, सगळे मधासाठी भांडतात आणि तोंडाला पिवळे पराग फासून घेतात. पानं नसल्यामुळे नवख्यालाही सगळं स्पष्ट दिसतं. तांबटाचं टुक-टुक-टुक याच दिवसांत दुपारभर चालू असतं.

ईस्टरच्या आसपास पाहुणे परत निघतात. यिर्मया म्हणतो, आकाशातला करकोचा आपला नेमलेला समय जाणतो, होला आणि पाकोळी यायची वेळ पाळतात, पण माझ्या लोकांना परमेश्वराचा नियम कळत नाही (यिर्मया ८:७). तुमच्या वहीत मार्च-एप्रिलमध्ये धोब्याच्या नोंदी थांबल्या की तो कशाबद्दल बोलतोय ते दिसेल. जाणारे गेले की कोकीळ आणि पावशा रान उठवतात. पावशाचं "पेरते व्हा" शेतकरी घरात कुणी शिकवावं लागत नाही.

पेंटेकॉस्ट साधारण मे-जूनमध्ये येतो. याच काळात चातक मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेतून भारतात पोचतो, आणि सह्याद्रीच्या कुशीत नवरंग विणीसाठी येतो. पाऊस पडला की सुगरणीचे नर बाभळीवर, विहिरीवर घरटी विणायला घेतात. पिवळ्या टोप्यांचे ते कारागीर एकदा मुलांसह तासभर पाहाच.

हे "आपलं" काम आहे का?

मंडळीत कुणीतरी विचारेलच: रविवारी सकाळी दुर्बीण घेऊन फिरणं हे काय? त्यांना वडाळ्याच्या रेव्हरंड फेअरबँकांबद्दल सांगा. सॅम्युएल बेकन फेअरबँक हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी. १८४६ साली भारतात आले आणि अहमदनगर भागात, वडाळ्याला, आयुष्याचा मोठा काळ राहिले. शुभवर्तमान, शाळा, दुष्काळ हे सगळं सांभाळून त्यांनी खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि नगर परिसरातल्या पक्ष्यांची यादी केली. ती १८७६ साली पक्षीशास्त्राच्या नियतकालिकात छापून आली. दक्षिणेतल्या पळणी टेकड्यांवरच्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही 'फेअरबँकी' आहे. त्या काळी अभ्यासासाठी पक्षी बंदुकीने मारून गोळा करत. ते आता कुणी करू नये आणि करायची गरजही नाही.

इंग्लंडचे पाळक जॉन स्टॉट (१९२१-२०११) जगभर शास्त्र शिकवत फिरले आणि जातील तिथे दुर्बीण घेऊन गेले. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून तिथली शेती, झाडं आणि पाणी वाचवण्यासाठी लढा दिला. सगळ्यांनी आंदोलन करावं असं नाही. पण हा विषय मंडळीला परका नाही, इतकं यातून दिसतं.

मात्र पक्षीमित्र फक्त मंडळीत शोधू नका. तुमच्या तालुक्यात पक्ष्यांचं ज्ञान असलेला माणूस बहुधा शाळामास्तर, वनरक्षक, मेंढपाळ किंवा फासेपारधी वस्तीतला कुणी असेल. त्यांच्यामागे चाला आणि शिका. धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटायची ती वेळ नव्हे.

अवघड प्रश्न येतील, टाळू नका

पक्षी पाहायला लागलात की काही दिवसांतच शिक्रा चिमणीला उचलताना दिसेल. कोकिळेचं पिलू कावळा भरवताना दिसेल, चातकाचं पिलू सातभाई भरवताना. टिटवीची अंडी उघड्या माळावर असतात. मुंगूस, कुत्रा, ट्रॅक्टर, काहीही येतं. मुलं विचारतात: देव त्यांना खायला घालतो ना, मग हे काय?

गोड उत्तर देऊ नका. स्तोत्र १०४ मध्ये सिंहाचे छावे देवाजवळ भक्ष्य मागतात, आणि ते भक्ष्य म्हणजे कुणीतरी जिवंत हरिण असतं. प्रभूने चिमण्यांची किंमत सांगितली, दमडीला दोन (मत्तय १०:२९), पण त्यांतली एकही पडणार नाही असं तो म्हणाला नाही. पित्याशिवाय पडत नाही, म्हणाला. हे दोन्ही धरून ठेवणं कठीण जातं आणि मला ते अजून पूर्ण सुटलेलं नाही. शिक्रा पाहिलेल्या मुलाला हे मान्य करून सांगितलेलं जास्त पटतं.

घुबडाबद्दलही एक. ख्रिस्ती घरातसुद्धा पिंगळा ओरडला की दगड मारणारी माणसं आहेत. अपशकुनाची ती भीती आपण कुठल्या अध्यायातून आणली ते शोधून पाहा, सापडणार नाही. पिंगळ्याची जोडी आवारात असेल तर उंदीर कमी राहतात.

सहल काढायची तर

नाशिककरांना नांदूर मध्यमेश्वर सोयीचं. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचा हा जलाशय २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरला. चापडगावच्या बाजूने मनोरे आहेत. पुणे-सोलापूरकरांना उजनीच्या फुगवट्यावरचं भिगवण, तिथले कोळी बांधव होडीतून रोहित (फ्लेमिंगो) दाखवतात. थवा उडताना फोटो छान येतो म्हणून होडी त्यात घालायला सांगणारे पर्यटक असतात. तुम्ही उलट लांबच थांबायला सांगा. मुंबई-ठाण्याला ठाणे खाडी, वसईकरांना भुईगावचा किनारा, पनवेलजवळ १९६८ पासूनचं कर्नाळा अभयारण्य. नगर-सोलापूरचे माळ उन्हाळ्यात रखरखीत वाटतात, पण चंडोल तिथेच गात गात आकाशात चढतो. माळढोक मात्र आता तिथे दिसणं जवळजवळ संपलंय. विलापगीत वाचायचं असेल तर तो माळ योग्य जागा आहे.

जाताना मोठा ग्रुप नको. आठ माणसं फार झाली. गिटार घरी.

मंडळीत काय करता येईल

संडे स्कूलमध्ये प्रत्येक मुलाला महिनाभरासाठी एक पक्षी द्या. "हा पक्षी आपल्याला काय शिकवतो?" असं पहिल्याच रविवारी विचारू नका, मुलं आपल्याला हवं ते उत्तर लगेच देतात आणि पाहणं बंद होतं. त्याऐवजी: तो काय खातो, झोपतो कुठे, भांडतो कुणाशी? चोचीचं चित्र काढून आणा. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून. त्या आठवड्यात मुलांची चित्रं चर्चच्या व्हरांड्यात लावता येतील.

घरात पिंजऱ्यातला पोपट असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे आपला देशी पोपट पाळणं गुन्हा आहे. परस्पर उडवून देऊ नका, वनविभागाला किंवा पक्ष्यांच्या उपचार केंद्राला कळवा. लग्नात पांढरी कबुतरं सोडायची हौसही आवरा. ती पाळीव असतात, बाहेर जगत नाहीत. पारव्यांना पोत्याने दाणे टाकू नका. पाण्याचं भांडं मात्र ठेवा: मातीचं, उथळ, मध्ये एक दगड, मांजर दबा धरणार नाही अशा मोकळ्या जागी. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतात.

चर्चच्या छपराखाली, कमानीत पाकोळ्यांची घरटी असतील तर स्तोत्र ८४ वाचणाऱ्यांना ती काढून टाकायचा अधिकार निदान नैतिकदृष्ट्या तरी राहत नाही. तिथे वेदीजवळच पाखरांची घरटी आहेत. रंगकामाचं कंत्राट द्यायच्या आधी कमिटीतल्या एकाने दुर्बिणीने सगळ्या कमानी तपासाव्यात, घरट्यांतून ये-जा चालू असेल तर तेवढा भाग सोडून बाकीचा रंगवून घ्यावा, आणि हे कंत्राटदाराला तोंडी न सांगता कामाच्या कागदावर लिहून द्यावं.